पडद्यावरचा गळ

आम्ही खाडीकाठची माणसं. गरवणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तरी घरातली पोरं मोबाइलवर 'स्टार्ड्यू व्हॅली' खेळू लागली, तेव्हा आम्ही मोठेही मागे उभे राहून पाहू लागलो. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने घडवलेला हा खेळ २०१६ साली आला.

त्यात बांबूच्या काठीला आमिष लावता येत नाही. फायबरग्लासच्या काठीला येतं. मग मासा लवकर तोंड लावतो. इरिडियमच्या काठीला आमिषासोबत आणखी एखादं साधन जोडता येतं. बूच जोडलं, की हिरवी पट्टी लांबते. मासा लागला, की खरी झुंज. बटण दाबलं की पट्टी वर, सोडलं की खाली. पळता मासा तिच्यात राहिला तर बाजूचं माप भरतं, निसटला तर उतरतं. माप रिकामं झालं, की मासा गेला.

कधी ओढायचं, कधी ढील द्यायची, हे शहाणपण आमच्या दोरीलाही ठाऊक आहे. पण खेळात मासा सुटला तर एक आमिष आणि थोडी ताकद जाते. खाडीवरून रिकाम्या हाताने परतणाऱ्याला घरची चूल जाब विचारते. पोरांनी खुशाल खेळावं. ही दुसरी गोष्ट मात्र त्यांना आम्हीच सांगायला हवी.