फांदीपाशी अडलेली साखर

पाठ्यपुस्तकात ग्लायकोजेन झाडासारखं काढतात. कागदावर ते सपाट पसरतं, त्यामुळे ते गोळ्यासारखं असतं आणि त्यातला बराचसा माल कडेला असतो, हे लक्षातच येत नाही. मला हे कळून घ्यायची गरज पडली ती ताईच्या मुलामुळे. त्याला ग्लायकोजेन साठ्याचा तिसऱ्या प्रकारचा आजार आहे. साठा रचला जातो, पण मोडताना फांद्या तोडणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही. ताईचा प्रश्न साधा होता. "अरे, साठ्यानेच यकृत एवढं वाढलंय म्हणतात, मग पहाटे ह्याची साखर उतरते कशी?"

मी इंजिनिअर, बायोकेमिस्ट्री बारावीनंतर सुटली. पण नियम दिले तर प्रोग्राम लिहिता येतो, आणि ग्लायकोजेनचे नियम थोडेच आहेत. मधोमध ग्लायकोजेनिन नावाचं प्रथिन. त्यावर ग्लुकोजची साखळी, सरासरी १३ मण्यांची. बाहेरचा थर सोडला तर प्रत्येक साखळीला दोन फांद्या. साखळी सरळ जात नाही, मळसूत्रासारखी वळते. एकेका थराने त्रिज्या सुमारे १.९ नॅनोमीटरने वाढते. हा आराखडा जुना, गणिती सोयीचा आहे. खऱ्या साखळ्या कमीजास्त लांबीच्या असतात, थरही इतके शिस्तीत नसतात. तरी सुरुवातीला तोच घेतला.

पहिल्या थरात १ साखळी, मग २, ४, ८... बाराव्या थरात २,०४८. एकूण ४,०९५ साखळ्या, ५३,२३५ मणी. गोळ्याचा व्यास ४० नॅनोमीटरच्या आसपास. तेरावा थर चढवायला गेलं की साखळ्या दुप्पट होतात, पृष्ठभाग मात्र जेमतेम १७ टक्क्यांनी वाढतो. मणी एकमेकांत घुसायला लागतात, एन्झाइमला शिरायला फट राहत नाही. दुपटीचं गणित कागदावर कितीही लांबवता येतं. त्रिमितीत ते बाराव्या थरापाशी संपतं.

आता मोडणी. फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम साखळीच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज काढतं आणि फांदीपासून चार मणी उरले की थांबतं. पुढचं काम फांदी तोडणाऱ्याचं: चारातले तीन मणी उचलून दुसऱ्या टोकाला जोडायचे, उरलेला एक कापून मोकळा करायचा. भाच्याचं नेमकं हेच काम बंद आहे. मी ते फंक्शन काढून टाकलं आणि प्रोग्राम चालवला. बाहेरच्या प्रत्येक साखळीचे नऊ मणी गेले, चार उरले. आतल्या साखळ्यांची शेपटं मुळातच तेवढी आखूड. २,०४८ गुणिले ९ म्हणजे १८,४३२. सुमारे ३५ टक्के. बाकी ६५ टक्के तिथंच, बुंध्यांच्या काट्यांनी भरलेला गोळा.

तो आकडा पाहून मी थोडा वेळ नुसता बसलो. साठा आहे, आणि नाहीही.

या आजाराला गर्टी कोरींचं नाव आहे. पती कार्ल यांच्यासह १९४७चं नोबेल मिळवणाऱ्या त्याच. त्यांनी कॉम्प्युटरशिवाय, एन्झाइमंच कात्रीसारखी वापरून या रेणूची रचना उलगडली होती. माझ्या प्रोग्रामने नवं काही शोधलेलं नाही. पण डॉक्टर जी तपासणी सांगतात ती मला यामुळे समजली. जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकागॉन दिलं तर अशा मुलाची साखर वर येते, रात्रभराच्या उपाशीपोटी दिलं तर येत नाही. जेवणाने बाहेरची टोकं पुन्हा लांब होतात, ती खर्चायला मिळतात. पहाटेपर्यंत ती झडलेली असतात.

ताईला मी स्क्रीनवर गोळा फिरवून दाखवला. तिने आकडे बाजूला ठेवले आणि विचारलं, "मग कॉर्नफ्लोअर का चालतं? तीही साखळीच ना?"

तीही साखळीच. पण फांद्या विरळ, आणि कच्च्या स्टार्चचे कण घट्ट रचलेले. आतड्यातली एन्झाइमं ते सावकाश सोडवतात, तिथं यकृताच्या कात्रीचा संबंध येत नाही. शिजवलं की कण फुगून फुटतात आणि साखर एकदम येते. म्हणून पाण्यात कालवायचं, गॅसवर ठेवायचं नाही. डाळ, अंडी, पनीर वाढवायचं तेही याचसाठी; प्रथिनांपासून ग्लुकोज करायचा रस्ता या मुलांचा शाबूत असतो.

"हे सासूबाईंना सांग," ताई म्हणाली. "त्या रोज म्हणतात, कच्चं काय देतेस पोराला, जरा शिजवून लापशी कर."

त्याच संध्याकाळी सांगितलं, गोळा फिरवूनच. काकूंनी चष्मा लावून बघितलं, म्हणाल्या, कदंबाच्या फुलासारखं दिसतंय. मग विचारलं, रात्री दोनचा डोस मी दिला तर चालेल का, नाहीतरी मला झोप नसतेच.