भाकरी फुगंल काय?

गोबरगॅसचा विषय काढला की पुरुष अनुदानाचं विचारायचे आणि बायका भाकरीचं. "ताई, ह्याच्यावर भाकरी फुगंल काय ओ?" हातकणंगले तालुक्यात नेज, कुंभोज, आळते, कुठंही गेले तरी हेच. तोंडी उत्तरानं भागत नाही. म्हणून ज्या घरी गॅस चालू आहे तिथं शेजारणींना नेऊन त्यांनाच भाकरी करायला लावायची, असं मी ठरवून टाकलं. भाकरी आचेवर टम्म फुगली की पुढचं बोलणं सोपं व्हायचं.

1984 साली आलेलं 'दीनबंधू' संयंत्र म्हणजे जमिनीखालचा विटांचा घुमट. 2 घनमीटरच्या संयंत्राला 4-5 जनावरं, रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. डेअरीला दूध घालणाऱ्या घरांना हे जड नाही. बांधकाम होतं, फोटो निघतो, अनुदान जमा होतं. खरं शिकवणं तिथून पुढं सुरू व्हायला हवं, आणि तिथंच ते थांबतं. याची मला चीड येते.

सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, तो पेटत नाही, सोडून द्यावा लागतो. थंडीत शेण कुजवणारे जिवाणू मंदावतात, गॅस कमी येतो. हे आधी सांगितलं नाही तर घरचे धीर सोडतात. सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा. गॅसबरोबरची वाफ पाइपात गार होऊन पाणी साचतं, ज्योत फडफडते आणि विझते. एका घरी "गॅस मेला बघा" म्हणत सासूबाईंनी पुन्हा शेणी थापायला घेतल्या होत्या. सुनेला बरोबर घेऊन पाइपाच्या सखल भागातला नळ शोधला, तो मातीत बुजला होता. तिनंच तो सोडला. पाणी गेलं, शेगडी निळी पेटली. संयंत्र बांधताना तिला कुणी काही दाखवलंच नव्हतं. सगळं सांगणं घरधन्याला झालं होतं, आणि रोज शेण कालवत होती ती.

संयंत्राला संडास जोडायचं म्हटलं की मात्र बायका बैठकीत गप्प बसायच्या. "तसल्या गॅसवर देवाचा निवद कसा करायचा?" एक आजी म्हणाल्या. जळताना वास येत नाही, हे मी शेगडी पेटवून दाखवलं, पण हट्ट धरला नाही. काही घरांनी पुढं जोडून घेतला. काहींनी घेतला, पण निवदापुरता सिलिंडर वेगळा ठेवला.