टाकीतला ऊस

सप्टेंबर २०२५ मध्ये मी सांगलीहून पलूसला माहेरी निघाले होते. नांद्रे ओलांडलं आणि गाडीचा पिकअपच गेला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मिसिंग मारायचं, पाय काढला की बंद पडायचं. गाडी २०१२ ची, पेट्रोलवरची. पावसाळ्यात ती बरेच दिवस अर्ध्या टाकीवर उभी होती आणि तेव्हापासून सकाळी पहिल्या सेल्फला उठेनाशी झाली होती. लिटरला सतराच्या आसपास असलेलं अ‍ॅव्हरेज पंधरावर आलं होतं. ऊस पिकवणाऱ्या दादाला फोन लावला. तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि दोर बांधून गाडी गॅरेजपर्यंत ओढत नेली.

मेस्त्रींनी मागची सीट उचलून टाकीतला पंप बाहेर काढला. जाळीवर काळा चिकट गाळ बसला होता, रबरी नळी फुगून मऊ पडली होती. मग त्यांनी टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली फळीवर ठेवली. थोड्या वेळाने तिच्यात दोन थर दिसायला लागले.

"ताई, वर आहे ते पेट्रोल," ते म्हणाले, "आणि खाली पाणी. त्या पाण्यात तुमच्या दादांचा ऊस."

त्यांनी ते समजावूनही सांगितलं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं, उसापासून बनणारं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिसळून जातं आणि इंजिनात जळून जातं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि पंप ओढतो तो तळातूनच. रोज फिरणाऱ्या गाडीला हा त्रास सहसा होत नाही. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीला होऊ शकतो. मात्र पंप जुना झाला होता हेही त्यांनी सांगितलं. सगळा दोष पेट्रोलवर ढकलला नाही.

गॅरेजात त्या दिवशी चर्चाही याचीच चालली होती. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला फेटाळली होती. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय द्या, पंपावर प्रमाण लिहा, अशी त्या याचिकेतली मागणी होती. भाड्याची गाडी चालवणारा एक तरुण तावातावाने बोलत होता, "भाव तोच, अ‍ॅव्हरेज कमी, मग वरचा खर्च कुणी सोसायचा?" साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिल्डमननी त्याला अडवलं, "उसाची बिलं थकायची ते दिवस तू पाहिले नाहीस. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचा पैसा लवकर हातात येतो. त्याच्यावरच बिलं निघतात." बघता बघता गॅरेजात दोन तट पडले, एक गाडीवाल्यांचा आणि दुसरा शेतकऱ्यांचा. मी दोन्हीकडची होते.

आमच्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले पथदर्शी प्रकल्प २००१ मध्ये झाले, त्यांत आमच्याच जिल्ह्यातलं मिरज होतं, मनमाडही होतं. दहा टक्क्यांपर्यंत पोचायला २०२२ उजाडलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर आणलं. पण सगळे भाग ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, टिकतील अशा गाड्या बाजारात यायला लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर आहेतच.

नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यात अ‍ॅव्हरेजचा प्रश्न मांडलेला आहे. मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज त्यात आहे. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून ही घट होणारच. पंप, फिल्टर आणि नळी बदलल्यावर माझी गाडी सोळाच्या आसपास देते. म्हणजे पंधरापर्यंतची काही घसरण जुन्या पंपाची होती, आणि भरून न आलेली घट त्या अंदाजाशी जुळते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, असं म्हटलं होतं. त्यामुळे गाडीवाल्यांची तक्रार उगाच केलेली नाही.

रात्री जेवताना दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. इथेनॉल बंद करा म्हणणाऱ्यांबरोबर मी कधी उभा राहणार नाही." वहिनी म्हणाल्या, "पण तुमची मोटारसायकल कुठल्या सालची? आणि फवारणीच्या पंपात काय भरता?" दादा क्षणभर थांबला. "खरंय," तो म्हणाला, "पेट्रोल आम्हीही भरतोच की."

वहिनींच्या त्या प्रश्नाने माझं मत पक्कं झालं. शेतकरी विरुद्ध गाडीवाला ही वाटणीच खोटी आहे, कारण ऊस पिकवणारा माणूसही जुन्या मोटारसायकलवरूनच शेतात जातो. दोघांचंही हित सांभाळायचं तर रस्ता २०२१ च्या त्याच आराखड्यात आहे. जुन्या वाहनांसाठी ई-१० मिळत राहावं असं त्यात म्हटलं होतं. अ‍ॅव्हरेज घटतं त्याची भरपाई म्हणून मिश्र इंधनावर करसवलतही सुचवली होती. ई-२० वेळेआधी आलं, या दोन गोष्टी मात्र कागदावरच राहिल्या. इथेनॉल स्वस्त नाही हे मला मान्य आहे. जुलै २०२५ अखेर त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१.३२ रुपये होती. म्हणूनच सवलत करातून द्यावी लागेल.

ब्राझीलमध्ये एकाच पंपावर इथेनॉल आणि मिश्र पेट्रोल शेजारी शेजारी मिळतं. लोक भाव बघून ठरवतात, गाड्याही त्यासाठीच बनवलेल्या असतात. तिथे उसाची शेती बुडाली नाही आणि ग्राहकाचा हक्कही गेला नाही.

मला हवं आहे ते एवढंच: प्रत्येक पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं आणि जुन्या वाहनांसाठी ई-१० ची वेगळी नळी असावी. जुनी वाहनं दरवर्षी कमी होत जाणार आहेत, म्हणजे ही सोयही काही वर्षांपुरतीच लागेल. पहिली गाडी घेतली ती अजून जपून चालवणाऱ्या माणसांना सरकारने ती वर्षं द्यावीत. दादाच्या उसाला भाव मिळावा आणि माझ्या गाडीला मानवेल ते पेट्रोल मिळावं, या दोन्ही मागण्या आमच्या एकाच घरातून येतात, आणि दोन्ही रास्त आहेत.