पाण्यावरचें पथक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्यानें प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचें एक विमान जुळविलें. दुसऱ्या महायुद्धांतलें तें नामांकित जपानी झीरो. पण त्याला चाकें नव्हतीं. पोटाखालीं एक मोठें होडकें आणि पंखांखालीं दोन चिमुकलीं! "हा तर खडावा घातलेला पैलवान!" असें म्हणून आम्ही हसलों. पुढें त्या विमानांच्या एका पथकाची हकीकत वाचनांत आली, आणि आपल्या हसण्याची आम्हांस लाज वाटली.

प्रशांत महासागरांतील बेटांवर धावपट्टी बांधावयास महिने लागत. पाणी मात्र आयतेंच होतें. म्हणून नाकाजिमा कारखान्यानें झीरोला होडकीं जोडलीं. ८ डिसेंबर १९४१ रोजीं, म्हणजे जपानी तारखेनें पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्याच दिवशीं, पहिलें उड्डाण झालें. अशीं ३२७ विमानें तयार झालीं. युक्ति नामी खरी. पण ताशीं शंभराच्या आसपास किलोमीटरांचा वेग त्या होडक्यांनीं खाल्ला.

जून १९४२ मध्यें जपान्यांनीं अलास्काजवळचीं अट्टू व किस्का हीं बेटें घेतलीं. जुलैंत तोको पथकाचीं सहा विमानें किस्काच्या बंदरांत उतरलीं. याच पथकाला नोव्हेंबरपासून ४५२ वें हा क्रमांक मिळाला. अमेरिकन बाँबफेकीं विमानें आलीं कीं हे वैमानिक पाण्यावरून उठत. परंतु शत्रूइतकेंच वैर धुक्यानें व वादळांनीं साधलें; नांगरून ठेवलेलीं विमानें लाटांनीं फोडलीं. जानेवारी १९४३ मध्यें अमेरिकन जवळच्या अमचिट्का बेटावर उतरले. पथकानें तेथें हल्ले केले, तरी फेब्रुवारींत तेथील धावपट्टी तयार झालीच. किस्कावरील धावपट्टी मात्र शेवटपर्यंत अपुरीच राहिली. पुढें जुलैअखेर पांच हजारांवर जपानी सैनिक धुक्याच्या आडून तासाभराच्या आंत निसटले, आणि १५ ऑगस्ट रोजीं दोस्तांचें प्रचंड सैन्य ओसाड बेटावर उतरलें. जें धुकें वैरी होतें, तेंच अखेर पाठीराखें झालें!

या शौर्याचें कौतुक करूं जावें, तों अट्टूचें गांव आठवतें. तेथील बेचाळीस रहिवासी कैद करून जपानांत ओतारू येथें नेले. त्यांतले कितीतरी परत आले नाहींत. "काका, मग हे लोक चांगले कीं वाईट?" असें पुतण्यानें विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

आज इतकेंच सुचतें. 'तूर्त एवढ्यावर भागवून न्या' असें म्हणणारे निराळे, आणि तें तूर्तचें साधन घेऊन वादळांत शिरणारे निराळे. नोकरीच्या दिवसांत आम्हींहि हाताखालच्या माणसांस हेंच वाक्य कितीदां ऐकविलें आहे. त्यांचीं होडकीं किती जड झालीं, हें मात्र एकदांहि विचारलें नाहीं. विमान आतां आमच्या टेबलावर असतें. पुतण्यानें तें नेलेलें नाहीं, व आम्हीं परत दिलेलें नाहीं.