कडोळीचे नानाजी आणि चार पक्षांचा एक नांगर

या धाग्यात १९७७ विषयी आतापर्यंत जे लिहिले, ते बहुतांशी दिल्लीहून दिसणारे होते. आज जरा आमच्या गोरेगावाकडून पाहू.

आमच्याच सेनगाव तालुक्यात कडोळी हे गाव आहे. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी तेथे नानाजी देशमुखांचा जन्म झाला. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. (जयप्रकाश नारायण यांची जन्मतारीखही ११ ऑक्टोबरच, साल १९०२.) शाळेत नानाजींविषयी आम्हांला चित्रकूट आणि ग्रामविकास एवढेच सांगितले जाई. परस्परांचे हाडवैरी असलेले पक्ष एका छत्राखाली आणणाऱ्यांत ते होते, हे मला पदव्युत्तर वर्गात आल्यावर कळले.

ते पक्ष चार : मोरारजी देसाईंची संघटना काँग्रेस, चरणसिंगांचे भारतीय लोकदल, जनसंघ आणि समाजवादी पक्ष. मुक्त बाजारपेठेपासून समाजवादापर्यंत आणि हिंदुत्वापासून त्याच्या कट्टर विरोधापर्यंत सारे काही यांत होते. आणीबाणीतील तुरुंगांनी त्यांना शेजारी बसविले. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकांची घोषणा झाली आणि २३ तारखेला जनता पक्ष जाहीर झाला. चार टोकांची सरासरी काढून 'मध्यममार्गी' हे नाव द्यावे, तसा हा प्रकार मला वाटतो. आणीबाणी संपविण्यावर मात्र सर्वांचे खरेखुरे एकमत होते आणि त्याला मी कमी लेखत नाही.

माझ्या पहिल्या चर्चासत्रातील निबंधात मी लिहिले होते, 'जानेवारीत चार पक्षांचे विलीनीकरण झाले.' मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली रेघ ओढून तारीख विचारली. शोधल्यावर कळले की औपचारिक विलीनीकरण १ मे १९७७ चे आहे, म्हणजे २४ मार्चला मोरारजींचा शपथविधी झाल्यानंतरचे. मार्चमध्ये लोकांनी ज्या पक्षाला सत्ता दिली, तो निवडणूक आयोगाच्या दप्तरी मान्यताप्राप्त पक्ष नव्हताच. महाराष्ट्रात त्याचे उमेदवार लोकदलाच्या चिन्हावर, नांगरधारी शेतकऱ्यावर, उभे होते.

हे मी आजोबांना मोठ्या ऐटीत सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही नांगरावर शिक्का मारला बाबा. नांगर कुणाचा ते इचारलं नाही."

महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी २० काँग्रेसने आणि १९ या नांगराने जिंकल्या. आमच्या पट्ट्यातील निकाल विशेष पाहण्यासारखा आहे. हिंगोलीत जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील निवडून आले. शेजारच्या परभणीत शेषराव देशमुख आणि नांदेडात केशवराव धोंडगे, दोघेही शेतकरी कामगार पक्षाचे. 'शेकाप'ने समझोता केला, पण स्वतःचा झेंडा उतरविला नाही. युती आणि विलीनीकरण यांतील भेद समजून घ्यायला हे तीन मतदारसंघ पुरेत.

आजोबांचा कल समाजवाद्यांकडे, तर त्यांचे थोरले बंधू जनसंघाचे. १९७७ मध्ये दोघे एकाच बैलगाडीतून प्रचाराला गेले होते. मग दुहेरी सदस्यत्वाचा वाद उभा राहिला : जनता पक्षात राहून संघाचेही सदस्य राहता येईल काय? मधु लिमये म्हणत, नाही. जनसंघाच्या गटाला तो प्रश्नच अपमानास्पद वाटे. आमच्या ओसरीवर हाच वाद दोन भावांत झाला. १५ जुलै १९७९ रोजी मोरारजींनी राजीनामा दिला. पक्ष फुटला आणि आमच्या घरातील अबोलाही सुरू झाला. ६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्ष स्थापन झाला. थोरले आजोबा त्यात गेले. पुढे दोघे भाऊ बोलले ते मोठ्या आजारपणात, आणि तेही पिकापाण्यावर.

नानाजी उत्तर प्रदेशातील बलरामपूरमधून निवडून आले होते. मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि पक्षाचे सरचिटणीसपद सांभाळले. साठी गाठलेल्यांनी सत्तेचे राजकारण सोडावे, असे म्हणून पुढे ते स्वतःही बाहेर पडले. यात त्याग किती आणि निराशा किती, याचा निवाडा मला करता येत नाही. कडोळीत मात्र त्याग हेच उत्तर मिळते, आणि तेथे उभे राहून दुसरा प्रश्न विचारणे अजून मला जमलेले नाही.

पुढच्या भागात जुलै १९७८ चा 'पुलोद' प्रयोग आणि त्याच महिन्यातील मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव. त्याविषयी आमच्या ओसरीवर कधीच कोणी बोलले नाही.