पहिल्या वर्षाची सोबत

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात शाळा आणि पाऊस एकदमच येतात. जूनच्या मध्यावर घंटा वाजते तेव्हा पेज आणि उल्हास या नद्या गढूळ होऊन वाहत असतात, खोपोलीच्या डोंगरावर ढग उतरलेले असतात आणि वर्गात ओल्या दप्तरांचा वास कोंडलेला असतो. नवे शिक्षक रुजू होतात तेही याच दिवसांत. कुणी बदलापूरहून लोकलने येतं, कुणी पनवेलहून एसटीने, कुणी रसायनीच्या कारखान्यांच्या वसाहतीत लहानाचं मोठं झालेलं असतं. हातात बी.एड.ची फाइल, मनात सराव पाठाला मिळालेली शाबासकी. कार्यालयात रुजू अहवालावर सही होते, हजेरीपट हातात पडतो, शिपाईमामा वर्ग दाखवतात. बऱ्याच शाळांत स्वागत इथेच संपतं.

ख्रिस्ती शाळेला ते तिथे संपवून चालत नाही. या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती थोडी, त्यामुळे अशा शाळेत शिकणारी बहुतेक मुलं आणि शिकवायला येणारी बरीचशी माणसं इतर धर्मांची असतात. शाळा कोणत्या श्रद्धेवर उभी आहे हे नव्या बाईंना भिंतीवरच्या क्रुसावरून फारसं कळत नाही. पहिल्या पंधरवड्यात कुणी डबा खायला जवळ बोलावलं, कुणी वर्गातला गोंधळ पाहून दार लोटून घेतलं आणि कुणी दार उघडून आत आलं, यावरून ते कळतं. म्हणून नव्या शिक्षकाला सामावून घेण्याचं काम हे शाळेच्या पाचारणाचाच, देवाने दिलेल्या हाकेचाच, भाग आहे. प्रार्थनेइतकंच ते मनापासून करायला हवं आणि टाचणाइतकंच नेमाने.

या कामाचा जुना आणि चटका लावणारा दाखला फ्रान्समधल्या रॅंस शहरातला आहे. जॉन बॅप्टिस्ट द ला साल हा तिथल्या कॅथेड्रलमधला श्रीमंत घरचा धर्मगुरू. गरिबांच्या मुलांसाठी चाललेल्या शाळांचे शिक्षक त्याच्या ओळखीचे झाले. बेताचं शिकलेली, राहणीत ओबडधोबड अशी ती माणसं होती. आरंभी आपण त्यांना आपल्या घरगड्याहूनही खालचं समजत होतो, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तरीही 1681 च्या जूनमध्ये त्याने त्यांना आपल्या राहत्या घरात आणलं. नातेवाईक बिथरले. ला साल त्या माणसांबरोबर एका पंगतीला जेवत राहिला.

खरी परीक्षा पुढेच होती. देवावर भरवसा ठेवा, उद्याची चिंता करू नका, असं तो त्यांना सांगे. शिक्षकांनी त्याला तोंडावर ऐकवलं की तुम्हाला हे बोलणं सोपं आहे; तुमच्यामागे घरची मालमत्ता आहे आणि चर्चचं कायमचं उत्पन्न आहे, शाळा बुडाली तर रस्त्यावर आम्ही येणार. ला सालने त्यावर वाद घातला नाही. 1683 मध्ये त्याने कॅथेड्रलमधलं आपलं मानाचं पद सोडलं आणि पाठोपाठच्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांना वाटून टाकली. 1685 च्या सुमारास त्याने शिक्षक घडवणारी शाळाही काढली. 1950 मध्ये कॅथलिक चर्चने त्याला साऱ्या शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं.

ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक संस्थाचालकाने दर जूनमध्ये आठवावी अशी आहे. अनुदानित शाळेत नवा माणूस आधी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढतो. 2000 साली ही योजना आली. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन अनेक वर्षं महिना 6,000 रुपयांवर अडलं होतं, ते 2023 मध्ये 16,000 झालं. विनाअनुदानित शाळेत तर आकडा संस्थेच्या मर्जीवर असतो. अशा माणसासमोर पूर्ण वेतनश्रेणीतला मुख्याध्यापक किंवा मठाच्या आधाराने निश्चिंत असलेली सिस्टर उभी राहते आणि पाचारणावर बोलते, तेव्हा समोरचा माणूस घरभाडं आणि लोकलच्या पासाचा हिशोब करत असतो. पाचारण हा शब्द कमी पगारावर घालायचं पांघरूण झाला की तो शब्दच नासतो. कर्जतला खोली मिळवून द्यायला मदत करणं, पहिलं मानधन महिना भरताच हातात पडेल हे पाहणं, वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षण विभागाकडे वेळेत पाठवणं आणि त्याचा पाठपुरावा करणं, ही स्वागताची पहिली पायरी आहे. भक्तीची भाषा त्यानंतर.

ला सालच्या शाळांच्या कामकाजाच्या पुस्तकात नव्या शिक्षकांना तयार करणाऱ्या माणसासाठी वेगळा भाग आहे. नव्याच्या अंगातले कोणते दोष आधी काढायचे, याची तिथे यादीच आहे. बोलण्याची खाज, उतावळेपणा, कठोरपणा, काहींना जवळ करून काहींना दूर ठेवणं आणि मन खचणं. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आज खोपोलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलं तरी चालतं.

मागच्या बाकावर बसणं हा या कामाचा गाभा आहे. जुन्या बाई वही उघडून बसतात. पाठ कसा झाला यावर शेरा मारण्याची घाई त्या करत नाहीत. नव्या बाई कुणाकडे पाहतात ते टिपतात. पहिल्या दहा मिनिटांत प्रश्न गेले ते सगळे पुढच्या तीन बाकांना. खिडकीजवळची मुलगी दोनदा तोंड उघडायला गेली आणि थांबली. फळ्यावर लिहिताना पाठ वर्गाकडे, आणि तेवढ्यात मागे दोघांची पेन्सिलीवरून झोंबाझोंबी. नव्या बाई अखंड बोलत आहेत, कारण गप्प राहिलं तर वर्ग हातातून जाईल अशी भीती आहे. तास संपल्यावर जुन्या बाई वही मिटून निघून जातात. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला, चहाचा कप हातात असताना, एकच गोष्ट विचारतात, "खिडकीपाशी बसते ती कोण हो?" नव्या बाईंना नाव आठवत नाही. पुढच्या तासाला त्या आधी तिचं नाव घेतात. बाकी नऊ गोष्टी जुन्या बाईंच्या वहीतच राहतात. त्यांची पाळी पुढच्या महिन्यात येईल. एका बैठकीत दहा चुका सांगणारा मार्गदर्शक नव्या माणसाला काहीच देत नाही, फक्त आपली नजर किती तीक्ष्ण आहे ते दाखवतो.

हे काम मुख्याध्यापकांवर सोडून भागत नाही. धर्मसंघाच्या शाळांत सिस्टर किंवा फादर काही वर्षांनी बदलून जातात. शाळा माहीत होते न होते तोच दुसरीकडचं बोलावणं येतं. वीस-पंचवीस वर्षं एका जागी राहतात ते स्थानिक शिक्षक, आणि त्यांत हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे असतात. शाळेची खरी रीत त्यांच्यापाशी असते. कर्जत स्टेशनात पुण्याकडच्या गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात, 1:37 चा बोरघाट चढून झाला की लोणावळ्याला ती सुटतात. जुन्या शिक्षकाची पहिल्या वर्षातली जागा तशीच असते: मागे, जोर लावत, आणि चढ संपला की बाजूला.

या भागातला चढ मात्र कोणत्याही बी.एड.च्या पुस्तकात नाही. दिवाळीची सुट्टी संपते आणि हजेरीपटावर काही नावांपुढे रोज गैरहजेरी लागू लागते. नव्या सरांना वाटतं, पालकांना शिक्षणाची किंमत नाही. वर्गातलं एखादं पोर उठून सांगतं, "सर, तो भट्टीवर गेला." महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांपैकी कातकरी याच पट्ट्यात मोठ्या संख्येने आहेत. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात धान्य नसतं, तेव्हा भट्टीचा मुकादम उचल देतो. ती फेडायला दिवाळीनंतर सगळं कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. नवरा-बायको विटा पाडतात, सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसते. तिच्या गैरहजेरीचं मूळ त्या उचलीत असतं.

हे नव्या शिक्षकाला सांगून कळत नाही. जुन्या शिक्षकाने त्याला दिवाळीआधीच वाडीवर न्यावं लागतं. वही-पेन न काढता अंगणात बसावं लागतं. विचारायचं असतं ते साधंच: या साली कुठल्या भट्टीवर, कधी निघणार, आजी वाडीवरच राहते का. आजी राहत असेल तर पोर राहू शकतं. हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते पाहता येतं. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात देता येतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतील. त्या एका फेरीनंतर नवा शिक्षक गैरहजर शिक्का मारताना थांबतो. इर्शाळवाडीचं नावही अशाच फेरीत निघतं. खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ताच राहिली. आश्रमशाळेत राहायला असलेली काही मुलं वाचली, त्यांची घरं गेली. या परिसरात शिकवणाऱ्याने जुलैत जोराचा पाऊस लागला की वर्गातलं कोण खिडकीकडे बघत बसतं, हे पाहायला शिकलं पाहिजे.

जागेची ओळख करून देण्यात आनंदही पुष्कळ आहे. विज्ञानाचे सर जलविद्युत शिकवताना पुस्तकातलं चित्र दाखवत असतात, आणि खोपोलीतलं टाटांचं वीजघर 1915 पासून चालू आहे, घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी त्याच्या नळांतून खाली येतं. चौथीच्या इतिहासातले शिवाजी महाराज 2 फेब्रुवारी 1661 ला उंबरखिंडीत कारतलबखानाची वाट अडवून उभे होते, ती खिंड खालापूर तालुक्यातच. ज्या भाताच्या लावणीसाठी मुलं जुलैत शाळेला दांडी मारतात, त्यातल्या कर्जत नावाच्या जाती इथल्याच संशोधन केंद्रात तयार झाल्या. कर्जत स्टेशनावर दिवाडकरांचा वडा खात या गोष्टी नव्या माणसाच्या कानावर घालायला कुठलं प्रशिक्षण शिबिर लागत नाही.

मग येतो प्रार्थनेचा प्रश्न, आणि तो न टाळता पहिल्याच दिवशी बोलावा. परिपाठाला ख्रिस्ती प्रार्थना होते. नव्या हिंदू किंवा मुसलमान बाईंना कळत नाही, हात जोडायचे की नुसतं उभं राहायचं, क्रुसाची खूण न केल्यास कुणी मनाला लावून घेईल का. मुलांच्या बाबतीत घटनेच्या कलम 28(3) ने स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. मोठ्यांच्या बाबतीतही शाळेने तोच मोकळेपणा शब्दांत सांगावा: आम्ही कोण आहोत ते आम्ही लपवणार नाही, तुम्ही कोण आहात ते तुम्हीही लपवू नका. महाराष्ट्राने हा प्रश्न भडकलेला पाहिलेला आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा 1893 मध्ये रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत. त्या उघड्या दाराचा अर्थ पुण्याने एक लावला, रमाबाईंनी दुसरा. आजच्या शाळेने तो अर्थ कुणाच्या तर्कावर सोडू नये.

शिक्षक घडवण्याचं काम महाराष्ट्रातही जुनं आहे. त्याच रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत मुद्दाम शिकून आल्या होत्या. त्याआधी मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत उतरल्या, 1839 पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा सांभाळत राहिल्या आणि 1862 मध्ये तिथेच गेल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका म्हणून तयार झाल्या त्या या फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या शाळेत. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. फुले दांपत्याने पुढे आपली वाट आपण काढली, आणि त्या वाटेने महाराष्ट्रातल्या मुली शाळेत आल्या. आपल्याकडून घडून गेलेली बाई आपल्या मंडळीत राहिली नाही म्हणून मिशन शाळेचं काम वाया गेलं असं म्हणायचं धाडस कोण करील?

आजच्या काळात ही गोष्ट सोसायची वेळ बहुधा वर्षाच्या मधेच येते. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नव्या बाईंचं नाव लागतं, जिल्हा परिषदेची किंवा दुसऱ्या संस्थेची नेमणूक मिळते. जिला वाडीची वाट दाखवली, जिच्या वर्गात मागे बसून महिने काढले, ती निघाली, हे जुन्या शिक्षकांना लागतं. कुठे तोंडं फिरवली जातात, कुठे मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतात. मूळ कागद अडकवणं हा सरळ अन्याय आहे आणि ख्रिस्ती नावाच्या शाळेत तर त्याला जागाच नको. मुलांची तजवीज करायला नियमाप्रमाणे सूचनेचा काळ मागावा, तो भरला की त्याच दिवशी कार्यमुक्तीचं पत्र आणि कागद हातात द्यावेत. निघण्याआधी एका दुपारी तिच्याकडून एक वही मात्र लिहून घ्यावी. कुठल्या वाडीतलं कोण पोर कुठल्या भट्टीवर गेलंय, कुणाची आजी घरी आहे, कुणाला मोठ्याने वाचायला लावलं की घाम फुटतो, कुणाला चष्म्याची गरज आहे आणि अजून सांगितलेलं नाही. तिच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला हजेरीपटाबरोबर ती वही द्यायची, आणि त्याच आठवड्यात त्याच्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसणार हे ठरवायचं.