बुजगावण्याची जागा

मूल तालुक्यात मामांच्या धानाच्या बांध्या आहेत. लोंब भरू लागली की मामा रोज संध्याकाळी बुजगावणं उचलून दुसऱ्या बांधीत रोवत. कधी त्याचा सदरा बदलत. शेजाऱ्याचं बुजगावणं पोळ्यापासून एकाच धुऱ्यावर उभं असे आणि रानडुकरं त्याच्या पायाशीच माती उकरून जात. मामा म्हणत, "डुक्कर पहिल्या रात्री भितं, तिसऱ्या रात्री हुंगतं, पाचव्या रात्री जेवतं."

मी चंद्रपुरात एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो. आमचे सर्व्हरही कित्येक वर्षं एकाच धुऱ्यावर उभे होते. लॉग चाळला की दिसे, रात्री दोन-अडीचला बाहेरून कुणीतरी पोर्ट ठोठावून गेलंय. आज २२, उद्या ३३८९. घाई अजिबात नाही. घाई कशाला करेल? आज काढलेला नकाशा महिन्याभरानंही चालणार असतो. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट काय कच्चा होता? पण १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावल्या आणि भगदाड पाडलं. कोटाला जागा बदलता येत नाही, तोफेला येते.

यावरचा उपाय म्हणजे 'मूव्हिंग टार्गेट डिफेन्स', हलतं लक्ष्य. नाव भारदस्त आहे, वस्तू ओळखीची आहे. बँकेचा ओटीपी हे त्याचंच धाकटं भावंड. लिनक्समध्ये २००५ पासून प्रोग्रामचे काही भाग मेमरीत दर वेळी वेगळ्या जागी बसतात, तेही यासाठीच. घुसणाऱ्याला नेमकी जागा आधीच ठाऊक असू नये, एवढाच हेतू.

मी आतल्या सर्व्हरांचे आयपी पत्ते रोज रात्री बदलायला लावले. नवी यादी शाखांना आपोआप जाई. जुन्या पत्त्यांवर पोकळ मशिनं ठेवली. कामाचा माणूस तिकडे फिरकणारच नाही, म्हणजे जो ठोठावेल तो चोर. तीन टकटकींनंतर दार बंद.

पावसाळ्यात एका सकाळी चोर सापडला. भामरागडची शाखा! पर्लकोटा नदीला पूर, पुलावरून पाणी, दोन दिवस लाइन बंद. यादी पोचलीच नव्हती. लाइन आल्यावर बिचारं मशीन परवाच्या पत्त्यावर ठोठावत राहिलं आणि माझ्याच नियमानं कोंडलं गेलं. काउंटरसमोर विड्रॉलच्या स्लिपा घेऊन माणसं उभी. तिथले रोखपाल फोनवर म्हणाले, "आमालेच चोर समजलं का जी?"

उत्तर नव्हतं. हा खेळ सगळ्यांना एका ठेक्यात हलता आलं तरच जमतो, आणि आमच्याकडे ठेका नदी ठरवते. शिवाय एक गोष्ट या नादात राहूनच गेली होती. दोन सर्व्हरांचे पॅच थकले होते. भोक तसंच ठेवून पत्ता बदलला, तर भोकही नव्या पत्त्यावर सोबत जातं.

आधी पॅच लावले. आता रोज फक्त ॲडमिनची दारं हलतात, शाखांचे पत्ते रविवारी रात्री. जुलै-ऑगस्टात मात्र भामरागडच्या वाटेवरचं काही हलवत नाही. तेवढे दिवस तिथला लॉग रोज सकाळी स्वतः वाचतो.